झोपेची खोली आणि झोपेची जागा

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीतील एका सुस्थितीतल्या गृहस्थांनी या आठवड्यात, रोहिणीचे ऊन ऐन भरात असताना, आपल्या नव्या घराची वास्तुशांत केली, आणि आल्यागेल्यास घर दाखवण्याच्या रीतीप्रमाणे दिवाणखाना, देवघर, स्वयंपाकघर असे फिरवीत त्यांनी मला अखेरीस ज्या खोलीच्या दारात नेऊन उभे केले, ती त्यांच्या शब्दांत ‘निसर्गाच्या थीमची बेडरूम’ होती. पलंगामागच्या भिंतीवर हिमप्रदेशातील देवदारांच्या अरण्याचे चित्र असलेला कागद चिकटवलेला होता. त्याच्या पायथ्याशी प्लास्टिकची हिरवळ, वर पीओपीच्या छतावर रंगवलेले ढग आणि त्या ढगांच्या कडेने निळ्या प्रकाशाची पट्टी. खोलीला पश्चिमेकडे एकच सरकती खिडकी होती, आणि तीही एसीची थंडी निसटू नये म्हणून सिलिकॉनने बंद केलेली. सायंकाळचे सात वाजून गेले होते. मी त्या अरण्यावर तळहात ठेवला, तर देवदारांच्या आड दडलेली भिंत ज्वर चढलेल्या माणसाच्या कपाळासारखी तापलेली होती.

त्या गृहस्थांच्या मातोश्रींना मी विचारले, “आजी, तुम्ही कुठं झोपता?” त्यांनी अंगणातल्या कडुलिंबाखालच्या बाजेकडे बोट केले आणि म्हणाल्या, “मले नाही बा झोप लागत तिथं, जीव कोंडते.”

घरकुलांच्या खिडक्यांविषयी मी या स्तंभात वारंवार जे लिहीत आलो, ते इतक्या थोड्या शब्दांत मला कधी मांडता आले नव्हते. निद्रा ही मुळात शरीराने उष्णता टाकून देण्याची क्रिया आहे; रात्र पडू लागली की हातापायांच्या त्वचेकडे रक्त अधिक वाहू लागते, त्यातून अंतर्भागातील उष्णता बाहेर पडते, शरीराचे तापमान सुमारे एका अंशाने उतरते आणि डोळा लागतो. ही उष्णता घेण्यास भोवतालची हवा व भिंती राजी नसतील, तर भिंतीवर कोणतेही अरण्य रंगवा, शरीरास त्याची खबर लागत नाही. त्यातून निळसर प्रकाश हा मेलाटोनिन या निद्रापोषक द्रव्याच्या निर्मितीस सर्वांत अधिक अडथळा करणारा, आणि या खोलीत नेमका तोच ढगांच्या कडेने योजलेला! असल्या सजावटीचे विक्रेते रॉजर उलरिक यांच्या १९८४ च्या प्रसिद्ध अभ्यासाचा दाखला देतात. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्या रुग्णांहून लवकर घरी गेले, हे त्या अभ्यासाने दाखवले, यात शंका नाही. परंतु तेथे खिडकी होती आणि खिडकीबाहेर खरी झाडे होती.

आता याच वास्तूच्या जागी गेल्या वर्षापर्यंत जे घर उभे होते, त्याचा विचार करा. गावठाणातल्या पांढऱ्या मातीच्या दीड-दोन फूट रुंदीच्या भिंती, वर सागाच्या फाट्यांवर रचलेले कवेलू, पुढे ओसरी, ओसरीपुढे अंगण. त्या घरात शय्यागृह नावाची खोलीच नव्हती, आणि माझ्या मते त्या घराचे खरे शहाणपण यातच होते. तेथे झोप ऋतूबरोबर जागा बदलत असे. चैत्र लागला की बाजा अंगणात येत. मृगाची पहिली सर पडली की त्या ओसरीत सरकत. पौषात माजघरात, चुलीच्या उबेशी जात. वैशाखातल्या दुपारी मात्र कुटुंब पुन्हा माजघरात येई, कारण कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई आणि जाड भिंतीतून ऊन आत पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असे. ते आत पोचू लागे तेव्हा माणसे बाहेर, उघड्या आकाशाखाली निजलेली असत. भिंतीची गती आणि माणसाची गती यांचा असा मेळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने बसवलेला होता. बाजही त्याच विचाराची: एका माणसाने उचलावी इतकी हलकी, अंबाडीच्या सुताने विणलेली, खालून वारा पाठीला लागू देणारी.

याउलट चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दिवेलागणीनंतर, म्हणजे नेमका माणूस अंथरुणाकडे वळतो त्या वेळी, ते खोलीत ओतू लागतो. पलंग तर इतका अवजड की तो अंगणात काय, दुसऱ्या भिंतीलाही जाऊ शकत नाही. दिवसाचे तापमान चाळीस अंशांवर असून रात्रीचे किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक चढलेले असेल, तर हवामान खाते त्या रात्रीस ‘उष्ण रात्र’ म्हणते. ते मोजमाप उघड्यावरच्या सावलीतले असते. स्लॅबखालच्या रात्रीची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.

मी मातीच्या घरांचा आंधळा कैवारी नाही. वानरांच्या एका टोळीने कवेलूंचा चुराडा केला की पावसाळ्यात घरभर गंज-बादल्या मांडाव्या लागतात. दरवर्षी कवेलू फेरणारे कारागीर आता मिळत नाहीत. विंचवाचे भय, वाळवीचे भय, आणि अंगणात निजणाऱ्या लेकीसुनांची काळजी या सर्व गोष्टी खऱ्या आहेत. पक्क्या घराची आस धरणाऱ्यास कोणी दोष देऊ नये. परंतु वर्ध्याच्या याच उन्हात सेवाग्राम येथे १९३६ च्या सुमारास माती, बांबू आणि कवेलू यांनी उभारलेले आदिनिवास व बापूकुटी निगराणीमुळे आजही उभी आहेत, आणि आपल्या भागातील प्रत्येक गवंड्याने एकदा तरी भर दुपारी तेथे जाऊन बसावे, अशी माझी इच्छा आहे.

आणि गादी! कापसाच्या या जिल्ह्यात, जेथे दिवाळीनंतर प्रत्येक घराच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापसाची रास लागते, तेथे माणसे खनिज तेलापासून बनलेल्या फोमवर घामाघूम होऊन निजतात, आणि पिंजाऱ्याचा धंदा बसला म्हणून कोणाला खंत वाटत नाही. हा विषय मी पुन्हा काढला म्हणून काही वाचक रागावतील, तरी कापसाच्या गादीवर माणूस अधिक स्वस्थ निजतो, हे मी प्रयोगशाळेच्या निर्वाळ्याची वाट न पाहता म्हणत राहणार.

प्रश्न केवळ श्रीमंताच्या हौसेचा असता, तर त्यावर एवढी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. परंतु श्रीमंताचा स्लॅब पाहून गरीबही स्लॅबच मागतो. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलासाठी किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरलेले आहे आणि मैदानी प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य हप्त्याहप्त्याने मिळते. एवढ्याशा जागेत झोप कोठे व्हावी याचा विचार नकाशा काढतानाच झाला पाहिजे, कारण पुढे एसी घेण्याची आणि त्याचे वीजबिल भरण्याची ऐपत त्या कुटुंबास बहुधा नसते. समोरासमोर दोन खिडक्या, स्लॅबवर दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा थर, पश्चिमेच्या भिंतीवर सावली आणि रात्री छतावर निजता यावे म्हणून जिन्याची तजवीज एवढ्याने पुष्कळ काम होते. २०१३ साली उष्णता कृती आराखडा करणाऱ्या अहमदाबादने पुढे गरीब वस्त्यांच्या छतांवर पांढरा रंग देण्याचा कार्यक्रम हाती घेतलाच. चुना तर आपल्याकडे कोणत्याही किराणा दुकानात मिळतो.

महागाव तालुक्यात ज्यांच्या घरकुलास या वर्षी मंजुरी मिळाली आहे, त्यांनी पहिला हप्ता उचलण्यापूर्वी गवंड्याला कागदावर दुसरी खिडकी काढावयास लावावी. आणि ज्यांच्या अंगणात जुना कडुलिंब आहे, त्यांनी जोत्याची आखणी दोन हात मागे घ्यावी, पण तो तोडू नये.