पासवर्ड सापडला, पण विचारलं का?

सबमिशनची रात्र. फ्लॅटवर मित्र येतो, बॅग टाकतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "वाय-फायचा पासवर्ड काय रे?" कुणालाच आठवत नाही. मग एक जण लॅपटॉप पुढे ओढतो आणि मिनिटभरात पासवर्ड वाचून दाखवतो. आपल्याला वाटतं, पठ्ठ्या हॅकर आहे!

तसं काही नसतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स' असं जायचं. नेटवर्कच्या नावावर क्लिक केलं की 'व्ह्यू वाय-फाय सिक्युरिटी की' दिसतं. विंडोज १० असेल तर कंट्रोल पॅनेलमधून वायरलेस प्रॉपर्टीज, सिक्युरिटी आणि 'शो कॅरेक्टर्स'वर टिक. नेटवर्कशी जोडताना हा पासवर्ड लागतोच, म्हणून कॉम्प्युटर तो जपून ठेवतो. अ‍ॅडमिनचे अधिकार असणाऱ्याला तो वाचता येतो. आपल्या लॅपटॉपवर अ‍ॅडमिन आपणच असतो.

स्वतःच्या घरचा पासवर्ड विसरलात तर ही सोय मस्त आहे, बिनधास्त वापरा. माझा मुद्दा दुसऱ्याच्या पासवर्डचा आहे.

सेकंड इयरला ऐन परीक्षेत आमचं नेट बंद पडलं. शेजारच्या काकूंनी माझ्या लॅपटॉपवर स्वतः पासवर्ड टाकून दिला. "दोन दिवस वापर गं," म्हणाल्या. पासवर्ड सांगितला नाही, टाईप केला. यातला फरक मला तेव्हा कळला नाही. त्याच रात्री मी तो शोधून रूममेटला दिला, तिने वरच्या मजल्यावरच्या मुलींना. आठवड्याने काकू जिन्यात भेटल्या. "आमचं नेट हल्ली फार रडतंय. मुलाची ऑफिसची मीटिंग सारखी तुटते. तुमचंही असंच आहे का?" मी म्हणाले, "हो काकू, आमचंही."

ते "आमचंही" मला अजून टोचतं. पुढच्या रविवारी जाऊन खरं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. पासवर्ड बदलला आणि नवा मला दिला नाही. बरोबरच केलं.

"वाय-फायच तर आहे, एवढं काय?" असं म्हणाल. पण प्रश्न नुसत्या स्पीडचा नाही. कनेक्शन ज्याच्या नावावर, शोध आधी त्याच्याच दारात पोचतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी माणसाच्या वाय-फायवरून गेला होता. ईमेल दुसऱ्याच कुणी पाठवला होता, पण चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे लागला. तुम्ही पुढे दिलेला पासवर्ड चौथ्या-पाचव्या हातात गेल्यावर तिथे कोण काय करतंय, हे तुम्हाला कुठे माहीत असतं?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पासवर्ड तुमच्या लॅपटॉपमध्ये असला तरी तो तुमचा नाही. ज्याचं नेट, त्याचा तो. पुढे द्यायचा असेल तर एक मेसेज टाका, "अजून एकाला देऊ का?" दहा सेकंद लागतात. काम झालं की 'फर्गेट' करा. लॅपटॉप सोडून चहाला जाताना विंडोज आणि एल ही बटणं दाबून लॉक करा, कारण तुमच्या लॅपटॉपमध्ये इतरांच्याही किल्ल्या आहेत. आणि नेट तुमचं असेल, राउटरमध्ये सोय असेल, तर पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट नेटवर्क' चालू करा.

शेजारच्यांनी घराची किल्ली ठेवायला दिली, तर आपण तिची डुप्लिकेट काढून वाटतो का? मग पासवर्डच्या बाबतीत एवढे उदार का होतो?