मातकट समुद्राला फुली

माझ्या नातीने समुद्र काढला आणि मातकट रंगवला. पाच वर्षांची आहे. आम्ही माहीमला राहतो. गच्चीवर गेलं की समुद्र दिसतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला तो दूध कमी पडलेल्या चहासारखा दिसतो. तिने तपकिरी खडू झिजेपर्यंत घासला, मग राखाडी घेतला, कडेला फेसासाठी कोरी जागा सोडली. वही परत आली ती तांबड्या फुलीसकट. खाली शेरा: समुद्र निळा असतो, पुन्हा काढणे. तिने पुन्हा काढला. निळा. स्टार मिळाला.

पेरेंट्स मीटिंगला मुद्दाम मी गेले. मिस गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, या वयात कन्सेप्ट क्लिअर व्हायला हवा ना!" मी विचारलं, "कोणाचा?" त्या हसल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या वर्गाच्या खिडकीतून तोच समुद्र दिसत होता, मिस त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि समोरच्या भिंतीवर चकचकीत तक्ता होता: शाईसारखं निळं पाणी, गुलाबी पोवळी, नारिंगी मासा, दात दाखवणारा देवमासा. एकाही होडीत माणूस नाही. मुळात होडीच नाही.

याच शाळेत 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो. पोरांना कोट-फेटा घालून शास्त्रज्ञ रामन करतात. त्या रामन यांनी समुद्राच्या रंगाचं काय केलं, ते मिसना कोणीतरी सांगायला हवं. 1921 साली ते युरोपातून बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राची निळाई पाहून त्यांच्या डोक्यात किडा शिरला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हा लॉर्ड रॅले सांगून बसले होते. नोबेल मिळवलेला माणूस, कोण हुज्जत घालणार? रामन यांनी जवळचा निकोल प्रिझम काढला, पाण्यावरची आकाशाची चमक त्यातून छाटून टाकली, आणि पाहतात तर निळा रंग जागच्या जागी, उलट अधिक गडद. म्हणजे तो पाण्याचाच. 'नेचर' या नियतकालिकाला पाठवलेल्या टिपणावर त्यांनी ठिकाण घातलं ते 'नारकुंडा' बोट, मुंबई बंदर. तिथून निघालेली वाट 28 फेब्रुवारी 1928 च्या शोधापर्यंत आणि 1930 च्या नोबेलपर्यंत गेली. समुद्राला कोणता रंग, या प्रश्नावर एक माणूस सात वर्षं झटला. आमच्या मिसनी तो सात सेकंदांत निकालात काढला, तांबड्या पेनाने.

आणि मातकट रंग काही पोरीच्या डोक्यातून आलेला नाही. आमचा किनारा उथळ, खाड्यांमधून गाळ येतो, उधाणाच्या भरतीला पाणी चांगलं दोन पुरुष चढतं-उतरतं आणि तो गाळ बसू देत नाही. या गढूळ पाण्यावरच बोंबील पोसतो, जवळा पोसतो, कोळंबी पोसते. ओढीच्या तोंडाशी डोल जाळी बांधून कोळी ते धरतात. त्या तपकिरीत थोडा रंग आपलाही आहे. आमच्या सोसायटीचं सांडपाणी मिठी नदीतून कुठे जातं, हे पाच वर्षांच्या मुलाला सहज समजतं. समजत नाही ते सोसायटीच्या कमिटीला.

पण ते शिकवायला वेळ कुठे? 'ओशन डे' होता. व्हॉट्सॲपवर फर्मान आलं: निळा ड्रेस, थर्माकोलचा डॉल्फिन, वर ग्लिटर. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे. ग्लिटर म्हणजे प्लॅस्टिकचा चुराच. समुद्र वाचवण्यासाठी चाळीस घरांतून चाळीस डॉल्फिन तयार झाले आणि संध्याकाळी चाळीसही कचऱ्यात गेले. पुढच्या भरतीला त्यातले काही खरोखर समुद्रात पोचले असतील. मुंबईच्या किनाऱ्याजवळ खरे डॉल्फिनही आहेत, राखाडी अंगाचे, पाठीवर कुबड असलेले. पण निळे नसल्यामुळे ते स्पर्धेत बसत नाहीत. पोवळ्यांचं तेच. मुलांना ऑस्ट्रेलियाची प्रवाळभिंत दाखवतात, आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ होते, 2020 मध्ये कोस्टल रोडसाठी ते उचलून दुसरीकडे हलवले, हे आईबापांनाही माहीत नसतं.

शाळेलाच कशाला बोलू? तक्ता वरून येतो, मिसला महिन्याअखेर जे हातात पडतं त्यात ती चाळीस पोरं सांभाळते. खरा हट्ट घरचा आहे. पाहुणे आले की, "बेटा, फाइव्ह ओशन्स सांग!" आणि बेटा पॅसिफिक, अटलांटिक करत पाढे म्हणतो. पाण्याला कुंपण नसतं, हे त्याला कोणी सांगत नाही. पाचवा, दक्षिण महासागर, नॅशनल जिऑग्राफिकने आपल्या नकाशांत अधिकृतपणे मानला तोच 2021 मध्ये. मोठमोठे नकाशेवाले इतकी वर्षं ज्यावर घुटमळले ते चार वर्षांच्या पोराकडून पाठ करून घ्यायचं, आणि पेढा द्यायचा. माझ्या नातीने पाचही नावं म्हणून झाल्यावर विचारलं, "आणि आपला?" मी म्हटलं, "अरबी समुद्र, हिंदी महासागराचाच तो." ती म्हणाली, "तो नाही गं, माहीमचा!"

माझे वडील अलिबागकडचे. भरतीची वेळ ते कॅलेंडरवर काढायचे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि तीही भांगाची, अंगात जोर नसलेली. आम्ही पाऊणकी शिकलो ती अशी, पाय ओले करून. हा हिशेब आमच्या दारावर मासे घेऊन येणाऱ्या मावशींना अजून येतो. त्यांना शाळेत कोणी बोलावलं का, असं मी विचारलं तेव्हा मिस जरा गोंधळल्या. "तसं नाही आजी, पण वास..."

इथे गाडी बरोबर स्टेशनावर आली. भिंतीवर मासा, वहीवर मासा, बालगीतात मासा, आणि डब्यात मासा आणला की चिठ्ठी घरी. नातीच्या वर्गात एक कोळ्यांचा मुलगा आहे. बापाची बोट आहे. जून-जुलैत ती किनाऱ्यावर का ओढून ठेवतात, माशांची वीण कधी होते, हे तो मिसलाही शिकवेल. तो वर्गात गप्प असतो. डब्यात जॅम-चपाती आणतो. निळा समुद्र काढतो आणि स्टार मिळवतो. त्या तक्त्याने खरं नुकसान कोणाचं केलं, ते मला त्याच्याकडे पाहून कळलं.

परवा ओहोटीला आम्ही दोघी खाली गेलो. तिने लोणच्याच्या बरणीत समुद्राचं पाणी भरलं आणि खिडकीत ठेवलं. रात्रभरात गाळ बोटभर खाली बसला, वर पाणी नितळ. ती बराच वेळ बघत राहिली. "आजी, आता यात मातकट पण नाही आणि निळा पण नाही." रामनची बोट मला तेव्हा आठवली, पण मी काही बोलले नाही. सोमवारी ती बरणी हट्टाने शाळेत घेऊन गेली, मिसना दाखवायला.

बरणी दुपारी दप्तरातून परत आली, रिकामी, विसळलेली. डायरीत लिहिलं होतं: कृपया अशा वस्तू पाठवू नयेत.