रस्त्यावरच्या वासाला वाली कोण?

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला, तर घरातील प्रत्येक माणूस हातातले काम टाकून उठतो. शेगडी तपासली जाते, झडप बंद होते, खिडक्या उघडल्या जातात. हाच वास घराबाहेर, गल्लीच्या तोंडाशी किंवा पदपथावर आला, की त्याच माणसाचे वर्तन पालटते. तो नाक मुरडतो, गटार तुंबले असावे असे म्हणतो आणि भराभर पावले उचलतो. आतला वास त्याचा असतो; बाहेरचा वास कोणाचाच नसतो. शहरांच्या रस्त्यांखालून नैसर्गिक वायूचे जाळे झपाट्याने पसरत असताना ही मनोवृत्ती जीवघेणी ठरू शकते. आणि नागरिकाने कळवलेल्या वासाला उत्तर देण्यात कुचराई करणारी व्यवस्था तिच्याइतकीच घातक असते.

या प्रश्नाचा व्याप आता लहान राहिलेला नाही. देशात नळाने गॅस घेणाऱ्या घरांची संख्या दीड कोटीच्या आसपास गेली आहे. मुंबई परिसरात १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीचेच २५ लाखांहून अधिक घरगुती ग्राहक आहेत. हा वायू शहराच्या वेशीपासून उच्च दाबाच्या पोलादी वाहिन्यांतून येतो. वस्त्यांमध्ये तो पॉलिथिलीनच्या नळ्यांतून सुमारे ४ बार दाबाने फिरतो आणि घरात शिरताना त्याचा दाब २१ मिलिबारवर आणला जातो. म्हणजे शेगडीपाशी जो दाब असतो, त्याच्या दीडशे पटींहून अधिक दाब दारासमोरच्या रस्त्याखाली असतो. स्वयंपाकघरातील गळतीची धास्ती घेणाऱ्या आणि रस्त्यावरील गळतीकडे काणाडोळा करणाऱ्या समाजाने हा हिशेब एकदा मनाशी मांडून पाहावा.

मुळात नैसर्गिक वायूला वासच नसतो. त्याचा मुख्य घटक मिथेन. तो रंगहीन आणि गंधहीन आहे. नाकाला झोंबणारा तो उग्र दर्प गंधकयुक्त रसायने मुद्दाम मिसळून आणलेला असतो, आणि त्या योजनेमागे एक दारुण इतिहास आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील न्यू लंडन या गावची शाळा वायूच्या स्फोटाने उद्ध्वस्त झाली. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून २९० हून अधिक जीव गेले. इमारतीखाली साचत गेलेल्या वायूचा कोणालाही पत्ता लागला नव्हता, कारण त्याला वास नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासने वायूत गंधद्रव्य मिसळणे कायद्याने बंधनकारक केले आणि पुढे ती प्रथा जगभर रूढ झाली. हवेत शेकडा १ च्या आसपास वायू मिसळला की सामान्य माणसाला तो कळावा, असा दंडक पाळला जातो. स्फोटाचा संभव शेकडा ५ पासून सुरू होतो. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे समाजाला मिळालेली मुदत होय. वास हा उपद्रव नसून निरोप आहे. निरोप पोचूनही कोणी तो पुढे नेला नाही, तर मुदत वाया जाते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने उघड्यावर तो वर जातो आणि विरतो. म्हणून बाहेरची गळती निरुपद्रवी, असे अनेकांना वाटते. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, त्या मानाने हा वायू सोयीचा खरा. परंतु आधुनिक शहरातील जमीन उघडी कोठे असते? तिच्यावर डांबराचे आणि काँक्रीटचे झाकण असते. नळीतून सुटलेल्या वायूला वरची वाट मिळाली नाही, की तो खणून भुसभुशीत झालेल्या मातीतून, केबलच्या नळकांड्यांतून, सांडपाण्याच्या वाहिन्यांतून आडवा सरकतो आणि एखाद्या इमारतीच्या तळघरात किंवा जिन्याखालच्या खोलीत गोळा होतो. बंदिस्त जागेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ च्या दरम्यान पोचले, की विजेच्या बटणातील ठिणगीही पुरे होते. तेव्हा रस्त्यावर वास येतो आहे याचा अर्थ वायू बाहेर आहे एवढाच होत नाही. तो कोणाच्या तरी घरात शिरण्याच्या वाटेवर असू शकतो.

न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात १२ मार्च २०१४ रोजी हेच घडले. सकाळी साडेनऊच्या सुमारास पाच मजल्यांच्या दोन इमारती स्फोटाने कोसळल्या आणि आठ माणसे दगावली. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने या दुर्घटनेची चौकशी केली. रस्त्याखालील प्लास्टिकच्या नळीचा सदोष सांधा आणि फुटलेल्या सांडपाण्याच्या वाहिनीमुळे खचलेली माती, ही तांत्रिक कारणे तीत पुढे आली. परंतु शहरवासीयांना अंतर्मुख करणारी बाब निराळीच होती. आदल्या संध्याकाळीच परिसरातील काही जणांना वास आला होता. कळवले मात्र कोणीच नव्हते. पहिला दूरध्वनी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून गेल्यावर झाला. वायू कंपनीचे पथक निघाले, पण ते पोचण्याआधीच, सुमारे २५ मिनिटांत, सारे संपले होते. आदल्या संध्याकाळी एकाने जरी दूरध्वनी केला असता, तरी पथकाच्या हाती काही मिनिटांऐवजी एक अख्खी रात्र पडली असती. बारभाईच्या शेतीत काय हाती लागते, हे मराठी माणसाला सांगावयास नको. प्रत्येकाने दुसऱ्यावर भिस्त ठेवली आणि दुसरा कोणी नव्हताच.

पण सारा दोष नागरिकांच्या माथी मारून मोकळे होणे हा अन्याय ठरेल. त्याच वर्षी, २७ जून २०१४ रोजी पहाटे, आंध्र प्रदेशातील पूर्व गोदावरी जिल्ह्यातील नगरम या गावी गेल कंपनीची वायुवाहिनी फुटली. आग वस्तीवर पसरली आणि वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. गळतीविषयी आपण पूर्वीच तक्रारी केल्या होत्या, असे ग्रामस्थांचे म्हणणे होते. पाण्याचा अंश पुरता न काढता वायू त्या वाहिनीतून वाहून नेला जात होता आणि त्यामुळे ती आतून गंजत गेली, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. ईस्ट हार्लेममध्ये वास आला आणि लोक बोलले नाहीत. नगरममध्ये लोक बोलले, परंतु त्यांचे बोलणे वाऱ्यावर गेले. दोन्हींचा परिणाम एकच झाला. फरक एवढाच की, पहिल्या अपराधाला अज्ञानाची सबब तरी देता येते.

तिसरा अनुभव खुद्द मुंबईचा आहे. १९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री चेंबूर, घाटकोपर, पवई, अंधेरी अशा दूरदूरच्या भागांतून वायूच्या वासाच्या तक्रारींचा पाऊस पडला. ६ जून २०२० च्या रात्री पूर्व उपनगरांत पुन्हा तसेच झाले. महानगर गॅसने आपल्या वाहिन्यांत गळती नसल्याचे सांगितले, अग्निशमन दलाच्या गाड्या धावल्या, नागरिक दारे-खिडक्या लावून बसले. दुसऱ्या प्रसंगाच्या एकच महिना आधी, ७ मे २०२० रोजी, विशाखापट्टणमच्या कारखान्यातून विषारी वायू सुटून माणसे मेली होती. आणि १९८४ च्या डिसेंबरातील भोपाळच्या रात्रीची आठवण तर या देशाच्या मनातून पुसली जाणेच शक्य नाही. त्यामुळे ‘वायुगळती’ हा शब्द कानी पडताच विषाची भीती वाटावी, हे स्वाभाविकच होते. वास्तविक नळाने येणारा वायू विषारी नव्हे. त्याचा धोका आगीचा आणि स्फोटाचा आहे. हा भेद ठाऊक नसल्याने माणसे एरवी बेफिकीर राहतात आणि प्रसंगी भयभीत होतात. शहाणपण या दोहोंच्या मधे आहे आणि ते शिकवता येण्याजोगे आहे.

हे शहाणपण थोडक्यात सांगता येते. घराबाहेर उग्र वास आला, जमिनीतून फुसफुस आवाज ऐकू आला, साचलेल्या पाण्यात बुडबुडे दिसले किंवा जमिनीतून धूळ उडताना आढळली, की प्रथम तेथून पायी दूर जावे, तेही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने. विडी, सिगारेट, काडी यांना हात लावू नये. जवळ उभी असलेली मोटार किंवा स्कूटर सुरू करू नये. दूरध्वनी करावयाचा तो वास येईनासा झाल्यावर. शेजाऱ्यांना सावध करताना विजेची घंटा न वाजवता दार ठोठावावे. घरातील गळतीत खिडक्या उघडणे हा पहिला उपाय असतो. बाहेरच्या गळतीत त्या बाजूची खिडकी उघडणे म्हणजे वायूला आमंत्रण देणे होय. वास घरातही जाणवू लागला, तर विजेच्या बटणांना न शिवता घर सोडावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शौर्य गाजवू नये. रस्त्यावरील झडप फिरवणे, खड्डा मातीने बुजवणे, पेटलेल्या वायूवर पाणी मारणे हे सामान्य माणसाचे काम नव्हे. वायूचा पुरवठा चालू असताना ज्वाला विझवली, तर न जळलेला वायू पसरून पुढचा भडका अधिक मोठा होतो. म्हणून तज्ज्ञही आधी पुरवठा तोडतात आणि आग नंतर विझवतात.

नागरिकाचे कर्तव्य येथे संपते आणि व्यवस्थेचे सुरू होते. शहरांतील बाह्य गळतीचे एक प्रमुख कारण म्हणजे खोदकाम. पाण्याचे खाते खणते, विजेचे खणते, दूरसंचारवाले खणतात, आणि एकाने काय पुरले आहे याची दुसऱ्याला वार्ता नसते. मार्च २०२५ मध्ये मुंबईत अंधेरी पूर्व येथे जेसीबी यंत्राच्या धक्क्याने वायूची नळी फुटून आग लागली आणि तिघे जण भाजले. खणण्यापूर्वी भूमिगत वाहिन्यांच्या मालकांना सूचना देता यावी, यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे मोबाइल अ‍ॅप सुरू केले. योजना उत्तम आहे. पण अ‍ॅप जमीन खणत नाही. जमीन खणतो तो उपकंत्राटदाराच्या हाताखालचा यंत्रचालक. त्याच्या हाती वाहिन्यांचा नकाशा दिल्याविना खोदकामाचा परवानाच मिळू नये आणि नळी फुटल्यास दंड त्या गरीब चालकाला न होता परवाना घेणाऱ्याला व्हावा, एवढा साधा नियम महानगरपालिकांनी कसोशीने पाळला, तरी अनेक अनर्थ टळतील.

दुसरा प्रश्न दूरध्वनीच्या क्रमांकाचा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा देशव्यापी क्रमांक २०१६ पासून उपलब्ध आहे. नळाच्या वायूसाठी मात्र प्रत्येक कंपनीचा क्रमांक वेगळा, आणि तो छापलेला असतो ग्राहकाच्या देयकावर. रस्त्याने जाणारा विद्यार्थी किंवा बसची वाट पाहणारा कारकून त्या कंपनीचा ग्राहक असेलच असे नाही, आणि असला तरी देयक खिशात घेऊन कोणी फिरत नाही. येणारा वास सिलिंडरचा, नळाचा की गटाराचा हेही त्याला कळत नाही, आणि ते त्याला कळावे अशी अपेक्षा करणेही गैर आहे. त्याने १०१ किंवा ११२ फिरवावा हे ठीक. परंतु तेथून योग्य कंपनीकडे निरोप किती मिनिटांत जातो, यावर सारे अवलंबून असते. ब्रिटनमध्ये वायुगळतीसाठी एकच मोफत क्रमांक आहे आणि आटोक्याबाहेरच्या गळतीच्या किमान ९७ टक्के प्रसंगी एका तासात माणूस जागेवर पोचला पाहिजे, असे बंधन कंपन्यांवर आहे. भारतातही पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने २०१० साली आपत्कालीन व्यवस्थेचे नियम केले आहेत. मात्र नियमाची खरी कसोटी कागदावर लागत नाही. निरोप मिळाल्यापासून पथक पोचेपर्यंत किती वेळ गेला, यावर ती लागते. हे आकडे प्रत्येक कंपनीने प्रभागवार आणि दरमहा प्रसिद्ध करावेत. ज्या रस्त्याखालून वाहिनी जाते, तेथील दिव्याच्या खांबावर आणि शाळेच्या फाटकावर आपत्कालीन क्रमांक ठळक अक्षरांत रंगवावा. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती इच्छाशक्तीची.

लोकांना अशी सवय लावली, तर खोट्या हाकांचा सुळसुळाट होईल, असा आक्षेप अधिकारी वर्गातून येणे शक्य आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. तुंबलेल्या गटाराला गॅस समजून केलेले दहा दूरध्वनी म्हणजे पथकाच्या दहा फेऱ्या. त्यांचा खर्च मोजता येतो. न केलेल्या एका दूरध्वनीचा खर्च ईस्ट हार्लेमने मोजला आणि न ऐकलेल्या तक्रारीचा नगरमने. शिवाय लांडगा आल्याची हाक मारणाऱ्या पोराची ती गोष्ट या ठिकाणी लागू पडत नाही. तो पोर गंमत म्हणून ओरडत होता. येथे नागरिक शंका म्हणून बोलतो, आणि शंकेचे निरसन करण्यासाठीच तर पथके ठेवलेली असतात. चुकीच्या वासासाठी आलेल्या माणसाने त्रासिक चेहरा केला, तर पुढच्या खेपेस खऱ्या वासासाठीही कोणी बोलावणार नाही.

पाणी आणि वीज यांच्यामागोमाग आता वायूही नळाने घरोघर येऊ लागला आहे, हे प्रगतीचे लक्षण आहे यात शंका नाही. परंतु पाण्याची नळी फुटली तर रस्ता ओला होतो, सर्वांना दिसते आणि बोंब होते. वायूची नळी फुटली तर दिसत काहीच नाही. येतो तो केवळ वास. म्हणूनच शाळांतून, कचेऱ्यांतून आणि गृहनिर्माण संस्थांच्या सभांतून हा विषय एकदा तरी बोलला गेला पाहिजे. घराच्या उंबरठ्याबाहेर आलेला वासही आपलाच आहे, हे नागरिकाने मानावे. आणि तो कळवणारा माणूस उपद्रवी नसून पहारेकरी आहे, हे व्यवस्थेने मानावे. या दोन गोष्टी रुजल्या, तर वास आणि स्फोट यांच्यामधली मुदत सत्कारणी लागेल. न रुजल्या, तर दुर्घटनेनंतर समिती नेमण्याचे, वरातीमागून घोडे हाकण्याचे काम तेवढे उरेल.