फिर्यादीच्या शेजारी कोण?

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. घरच्यांनी जुलैत कळंबोलीला तक्रार दिली. गुन्हा दाखल व्हायला २०१७ उजाडलं आणि त्याच वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकरला राष्ट्रपती पदक जाहीर झालं. त्याला अटक झाली डिसेंबरात. बिद्रे यांच्या खुनाबद्दल पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली, ती एप्रिल २०२५ मध्ये. मृतदेह मिळालाच नाही.

ही नऊ वर्षं कोल्हापूरकडचं ते कुटुंब पोलीस ठाण्यापासून उच्च न्यायालयापर्यंत हेलपाटे घालत राहिलं. पाठपुरावा त्यांनी सोडला असता तर फाइल कपाटातच राहिली असती, असं आम्हाला ठामपणे वाटतं. खात्यातल्याच अधिकाऱ्याच्या घरच्यांची ही गत. मग तळोज्याच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने किंवा कर्नाळ्याजवळच्या कातकरी वाडीने कुणाच्या जोरावर ठाण्याची पायरी चढायची?

कायद्यात त्यांच्यासाठी पुष्कळ आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. खटला मागे घेण्याआधी पीडिताचं म्हणणं ऐकावंच लागतं. आरोपी सापडला नाही, किंवा निर्दोष सुटला, तरी नुकसानभरपाई मागता येते. पण तो अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे अलिबागला करायचा असतो, हे घरात माणूस गेलेल्यांना सांगणार कोण?

सांगणारा माणूस ठाण्यातच हवा. हरवलेल्या मुलांच्या तक्रारींवर लक्ष ठेवायला पोलीस ठाण्यांत विधी स्वयंसेवक नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे. तीच व्यवस्था खून, बलात्कार, बेपत्ता व्यक्ती अशा प्रत्येक गंभीर तक्रारीला लागू करावी. पनवेल शहर, खांदेश्वर, कामोठे, कळंबोली, खारघर आणि तळोजा या ठाण्यांपासून सुरुवात करता येईल. तालुका विधी सेवा समिती आणि पनवेलच्या वकिलांनी मनावर घेतलं तर त्यासाठी नवा कायदा नको. तक्रारदार बाहेर पडताना त्याच्या हातात एफआयआरची प्रत आहे ना, एवढं या स्वयंसेवकाने पाहावं. आणि नव्वदाव्या दिवशी तपास अधिकाऱ्याला फोन लावावा.