पुण्यातून येऊन सरपंच होता येतं, पुण्यात राहून नाही

दिवाळी किंवा गावची यात्रा आली की पुण्याहून अमरावती-अकोल्याकडे येणाऱ्या ट्रॅव्हल्स भरून येतात. चाकण, रांजणगाव, हिंजवडीत नोकरी करणारी पोरं चार दिवस गावात राहतात. पूर्वी या मुक्कामात नातेवाईक, सोयरीक आणि वावराचा हिशोब व्हायचा. आता त्यात राजकारणही आलं आहे. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रस्ता, पाणी, शाळा यावर सगळ्यात जास्त बोलणारे बहुतेक वेळा गावाबाहेरचेच असतात. त्यातला एखादा मग म्हणतो, आपणच उभं राहू.

यात गैर काहीच नाही. वेळही तशीच आहे. 15 जानेवारी 2021 रोजी मतदान झालेल्या राज्यातल्या 14 हजारांवर ग्रामपंचायतींची पाच वर्षं भरली. त्या वेळी सरपंच सदस्यांमधून निवडला गेला होता. जुलै 2022 मध्ये सरकारने थेट जनतेतून निवड परत आणली. म्हणजे सदस्यांचं बहुमत जमवत बसायची गरज नाही, पूर्ण गावाची मतं मिळाली की झालं. चेहरा ओळखीचा, हातात चार पैसे आणि शिक्षण असलेल्या बाहेरच्या माणसाला ही पद्धत सोयीची आहे.

पण कायदा त्याला तीन ठिकाणी अडवतो.

पहिली अडचण मतदार यादीची. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. गावात नाव नसेल तर उभं राहता येत नाही. अनेकांना वाटतं की गावात वडिलोपार्जित घर आहे म्हणजे नाव ठेवता येतं. तसं नाही. 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा स्पष्ट सांगतो की केवळ घर मालकीचं आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. पुण्यात नाव लावलं आणि गावातलंही तसंच ठेवलं तर ते बेकायदेशीर आहे, खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

दुसरी अडचण साधी, पण तिच्यामुळे चांगले उमेदवार बाद होतात. घरपट्टी! बंद घराची बिलं कोण भरतो? मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर भरला नाही तर माणूस अपात्र ठरतो. शौचालयाची अट वेगळीच.

तिसरी गोष्ट गावकऱ्यांनीच लक्षात ठेवावी अशी आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 40 प्रमाणे सदस्य रजा न घेता सलग चार महिन्यांहून जास्त गावाबाहेर राहिला, किंवा सलग सहा महिने सभांना आला नाही, तर त्याचं पद जाऊ शकतं. रजाही सहा महिन्यांपेक्षा जास्त मिळत नाही. हे कलम बहुतेक गावांत कोणाला माहीत नसतं. सही करायला महिन्यातून एकदा येणारा सरपंच यातून सुटतो, हेही खरं. आणि एकदा थेट निवडून आला की पहिली दोन वर्षं त्याच्यावर अविश्वास ठराव आणता येत नाही. नंतरही सदस्यांची तीन-चतुर्थांश मतं लागतात, वर ग्रामसभेची मान्यता. म्हणून ‘तू इथं राहशील का’ हा प्रश्न प्रचारातच विचारायला हवा.

राहणं एवढं महत्त्वाचं का? खारपाणपट्ट्यातलं उदाहरण घ्या. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर भागात भूगर्भातलं पाणी खारं. तिथला पाण्याचा प्रश्न बोअर मारून किंवा देणगीतून आरओ मशीन बसवून संपत नाही. शेततळं, पाणीपुरवठा योजनेची दुरुस्ती, वीजबिल, पाणीपट्टीची वसुली हे रोजचं काम आहे. मशीन बंद पडली की फोन पुण्याला लावायचा का? देणगीतून गावाची कमान एका महिन्यात उभी राहते, वसुली मात्र दारोदार फिरूनच होते.

बाहेरच्यांचा उपयोगच नाही असंही म्हणता येणार नाही. 2016 मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा राज्यातल्या तीन तालुक्यांत आपला वरूड होता. पुढच्या वर्षांत शहरातली माणसंही गावागावांत श्रमदानाला उतरली. मात्र काम टिकवायची जबाबदारी गावात राहणाऱ्यांवरच होती.

वऱ्हाडात याचं सगळ्यात मोठं उदाहरण भाऊसाहेबांचं आहे. पापळचे पंजाबराव देशमुख 1920 मध्ये शिकायला परदेशात गेले, एडिंबरा आणि ऑक्सफर्डमध्ये शिकून बॅरिस्टर होऊन 1926 मध्ये परतले. पुण्या-मुंबईत वकिली करून गावाला पैसे पाठवता आले असते. ते अमरावतीत राहिले. 1928 मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायला घेतलं, सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. देशाचे कृषिमंत्री ते 1952 मध्ये झाले, म्हणजे जिल्ह्यातल्या कामानंतर बऱ्याच वर्षांनी.

शेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांच्या वाट्याला उलटं आलं. अमेरिकेत गदर चळवळीत शिरलेला हा माणूस इंग्रजांमुळे परतू शकला नाही. मेक्सिकोत त्यांनी मक्यावर मोठं काम केलं, पण त्याचा फायदा मेक्सिकोच्या शेतकऱ्याला झाला. आज पुणे-अमरावती एका रात्रीचं अंतर आहे. तशी मजबुरी कोणावर नाही.

परदेशातल्या भारतीय नागरिकांना 2011 पासून मतदार यादीत नाव लावता येतं, पण मत द्यायला इथं यावं लागतं. 2024 च्या लोकसभेत अशा सुमारे 1 लाख 19 हजार मतदारांपैकी जेमतेम तीन हजारांनी मत दिलं, आणि त्यातही बहुतेक केरळचे. देशातल्या स्थलांतरितांसाठी निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव डिसेंबर 2022 मध्ये मांडला, पक्षांनी आक्षेप घेतले.

तोवर बाहेरच्याला उभं न राहताही करता येण्यासारखं एक काम आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा होते, 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल तेवढे लागतात. अनेक गावांत कोरमही भरत नाही. 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टला गावात नाव असलेले दहा-वीस जण सुट्टी काढून आले, ग्रामपंचायत विकास आराखडा आणि खर्चाची पावती मागितली, तर त्याची नोंद इतिवृत्तात होते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजची होत नाही.