पैजेच्या टेबलावरचा विश्वविजेता

फिलिपिन्सचे पूल खेळाडू एफ्रेन रेयेस २०२४ मध्ये सत्तर वर्षांचे झाले. २६ ऑगस्ट १९५४ रोजी पाम्पांगा प्रांतात जन्मलेल्या या माणसाला जगभरचे पूलप्रेमी ‘मॅजिशियन’ म्हणतात. या खेळातला आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद निघाला की त्यांचे नाव आघाडीवर असते. वाढदिवसाला कौतुकाची कमतरता नसते, आणि ते व्हायलाच हवे. पण रेयेस यांनी खेळाला काय दिले आणि खेळ चालवणाऱ्यांनी त्यांच्या पदरात काय टाकले, हा हिशेबही अशा निमित्ताने मांडला पाहिजे. तो मांडला की जमेच्या आणि येण्याच्या रकमा जुळत नाहीत.

रेयेस पाच वर्षांचे असताना मनिलाला नातेवाइकांकडे राहायला आले. त्या नातेवाइकांचा ‘लकी १३’ नावाचा पूल हॉल होता. टेबलापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून हा पोरगा शीतपेयांच्या खोक्यांवर उभा राहून खेळू लागला. रात्री गिऱ्हाईक पांगले की झोपायचे तेही टेबलावरच. तिथे शिकवायला प्रशिक्षक नव्हता. समोरच्याचे बघायचे, आपण करून पाहायचे आणि हरलो तर खिशातून पैसे मोजायचे, अशी ती शाळा होती. त्या हॉलमध्ये चालणारा खेळ मुख्यतः ‘रोटेशन’. पंधराही चेंडू टेबलावर, आणि ते क्रमानेच मारायचे. चेंडूवरचा आकडा हेच त्याचे गुण. एकूण गुण १२०, त्यामुळे ६१ झाले की डाव खिशात. टेबलावर एवढी दाटी असताना हवा तो चेंडू सरळ समोर येणे दुर्मीळच. पांढरा चेंडू कुशनवर आपटून, वळसा घालून नेल्याशिवाय गत्यंतर नसे. अमेरिकेत ‘नाइन-बॉल’ला, म्हणजे फक्त नऊ चेंडूंच्या डावाला, प्रतिष्ठा होती. पंधरा चेंडूंच्या गर्दीत वाढलेल्या रेयेस यांना तो खेळ मोकळ्या मैदानासारखा वाटला असल्यास नवल नाही.

या तालमीचे फळ १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रेनो शहरात दिसले. समोर अर्ल स्ट्रिकलंड, त्या काळातला अमेरिकेचा सर्वांत धारदार खेळाडू. सामना शेवटच्या, निर्णायक डावावर आलेला. नाइन-बॉलमध्ये टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला आधी स्पर्श करावाच लागतो; तो चुकला तर प्रतिस्पर्ध्याला पांढरा चेंडू हातात मिळतो, हवा तिथे ठेवून मारायला. स्ट्रिकलंड यांनी पाच नंबरचा चेंडू इतर चेंडूंआड दडवला. अशा वेळी बहुतेकांचे समाधान नुसता स्पर्श होण्यात असते. रेयेस यांनी पांढरा चेंडू दोन कुशनांवर आपटत नागमोडी नेला, पाच नंबरचा चेंडू पॉकेटमध्ये घातला आणि सहाव्यासाठी जागाही साधली. हा फटका आजही ‘झेड शॉट’ म्हणून दाखवला जातो. त्याला जादू म्हणणे सोपे आहे. पण जादूत प्रेक्षकापासून काही लपवलेले असते. इथे सगळे उघड्यावर होते आणि त्यामागे पैजेच्या डावांत घासलेली वर्षे होती.

ती पैज मात्र सभ्य समाजाला खुपते. १९८५ मध्ये रेयेस अमेरिकेत आले तेव्हा ‘सीझर मोरालेस’ हे नाव घेऊन खेळले, कारण त्यांची कीर्ती आधीच समुद्र ओलांडून गेली होती आणि खऱ्या नावाने पैज लावायला कोणी पुढे आले नसते. त्या नावानेच त्यांनी ह्यूस्टनची स्पर्धा जिंकली. पुढचा आलेख सर्वश्रुत आहे. १९९४ मध्ये यूएस ओपन नाइन-बॉल जिंकणारे ते पहिले बिगर-अमेरिकी ठरले. १९९६ मध्ये हाँगकाँगला स्ट्रिकलंड यांच्याशी १२० डाव आधी जिंकण्याची तीन दिवसांची झुंज झाली. एक लाख डॉलर, सारे जिंकणाऱ्याचे. रेयेस यांनी ती १२०-११७ अशी मारली. १९९९ मध्ये कार्डिफला नाइन-बॉलचे आणि २००४ मध्ये फुजैराला एट-बॉलचे विश्वविजेतेपद मिळाले. पूलच्या दोन प्रकारांत विश्वविजेता होणारे ते पहिलेच. त्यांच्यानंतर रोनातो अल्कानो, फ्रान्सिस्को बुस्तामांते, कार्लो बियादो असे फिलिपिनो विश्वविजेते होत गेले.

आता येणे बाजू. २००६ मध्ये पुन्हा रेनोतच, इंटरनॅशनल पूल टूरच्या स्पर्धेत रेयेस यांनी रॉडनी मॉरिस यांना हरवले. पहिले बक्षीस पाच लाख डॉलर, पूलच्या इतिहासात तोवरचे सर्वांत मोठे. आयोजकांची तिजोरी मात्र पोकळ निघाली आणि खेळाडूंना ठरलेले पैसे ठरल्या वेळी मिळाले नाहीत. गल्लीतल्या पैजेत हरणारा रोख मोजून उठतो. झगमगाटात, कॅमेऱ्यांसमोर भरलेल्या स्पर्धेने ते साधे इमान पाळले नाही. मग बदनाम कोणी व्हायचे, पूल हॉलने की आयोजकांनी?

हा प्रश्न आपल्यालाही लागू पडतो. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्याला बिलियर्ड्सचे जागतिक विजेते झाले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या विश्वविजेत्यांत त्यांचे नाव मानाने घेतले जाते. पण बिलियर्ड्सच्या पाठीशी जिमखान्याची पांढरी कॉलर होती. त्याच जातकुळीचा पूल चौकातल्या पार्लरमध्ये आला आणि ‘पोरगा पार्लरला जातो’ हे वाक्य घराघरांत तक्रारीच्या सुरात ऐकू येऊ लागले. पालकांची काळजी खोटी नाही. पैशाचा डाव अनेकांना बुडवतो. पण पार्लरला शिव्या देऊन कुणाला वाट मिळत नाही. हात असलेल्या मुलाला स्पर्धा, प्रशिक्षण आणि नियमित मिळकत दिसली, तर पैजेकडे वळण्याची गरज कमी होते.

जागतिक संघटनांचीही कामगिरी यथातथाच आहे. पॅरिसच्या ऑलिंपिकसाठी क्यू-खेळांनी, म्हणजे बिलियर्ड्स, पूल यांसारख्या काठीने खेळायच्या खेळांनी, दार ठोठावले. ते उघडले नाही. आशियाई खेळांत हा प्रकार १९९८ ते २०१० या काळात होता, नंतर वगळला गेला. मे २०२२ मध्ये हनोईला आग्नेय आशियाई खेळांत सदुसष्ट वर्षांचे रेयेस कॅरम बिलियर्ड्समध्ये उतरले, तेव्हा त्यांना पाहायला लोटलेल्या गर्दीत यजमान व्हिएतनामींचीच संख्या मोठी होती. पदक मिळाले कांस्य. त्या गर्दीला पदकाच्या रंगाशी काही देणे-घेणे नव्हते.

रेयेस यांच्या देशाने त्यांना सन्मान दिले, अमेरिकेच्या बिलियर्ड काँग्रेसने २००३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतले. हे सारे योग्यच. मात्र पुढचा एफ्रेन घडावा असे ज्यांना वाटते, त्यांनी पुतळे आणि सत्कार यांच्या आधी दोन साध्या गोष्टी कराव्यात: बक्षिसाची रक्कम स्पर्धेआधी बँकेत ठेवावी आणि हॉलमध्ये क्यू धरणाऱ्या पोराला तिथून राष्ट्रीय संघापर्यंतची पायरी दाखवावी. कर्तबगारी टेबलाशी शिकता येते. ती जपण्याची जबाबदारी टेबलाबाहेरच्यांची आहे, आणि ती त्यांनी अजून पुरी केलेली नाही.