ओटिंगचे १४ बळी: देशभर हळहळ झाली, मग खटला का चालला नाही?

डिसेंबरचे पहिले दहा दिवस नागालँडमध्ये हॉर्नबिल महोत्सवाचे. कोहिमाजवळच्या किसामा इथे सगळ्या नागा जमाती आपली नृत्यं, गाणी आणि खाद्यपदार्थ घेऊन येतात. २०२१ मध्ये मात्र हा महोत्सव अर्ध्यावरच बंद झाला आणि तिथल्या पारंपरिक घरांवर काळे झेंडे लागले. कारण होतं ओटिंग.

नेमकं काय घडलं?

४ डिसेंबर २०२१, शनिवार. मोन जिल्ह्यातल्या तिरूच्या कोळसा खाणीत काम करणारे आठ मजूर संध्याकाळी पिकअप गाडीतून ओटिंग गावी परतत होते. अतिरेकी येणार असल्याच्या खबरीवरून दबा धरून बसलेल्या लष्कराच्या कमांडोंनी गाडीवर गोळीबार केला. सहा जण ठार झाले, दोघे जखमी झाले.

मजूर घरी आले नाहीत म्हणून गावकरी शोधायला निघाले. सैनिकांजवळच्या गाडीत मृतदेह दिसताच त्यांचा उद्रेक झाला. त्या संघर्षात आणखी सात गावकरी आणि एक जवान मृत्युमुखी पडला. दुसऱ्या दिवशी मोन शहरात जमाव आसाम रायफल्सच्या छावणीवर चालून गेला, तिथे आणखी एकाचा जीव गेला. एकूण १४ नागरिक.

वाद कशावर झाला?

६ डिसेंबरला गृहमंत्री अमित शहा यांनी संसदेत खेद व्यक्त केला. गाडीला थांबण्याचा इशारा दिला होता, ती वेगाने पुढे गेल्यामुळे संशय आला आणि ओळखण्यात चूक झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. वाचलेल्या मजुराने मात्र असा इशारा मिळालाच नसल्याचं माध्यमांना सांगितलं. पुढे राज्य पोलिसांच्या विशेष तपास पथकानेही कमांडोंनी ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही, असा निष्कर्ष काढला.

त्याच दिवशी मोनमध्ये सामूहिक अंत्यविधी झाला. मुख्यमंत्री नेफियू रिओ यांनी तिथूनच अफस्पा, म्हणजे सशस्त्र दले (विशेष अधिकार) कायदा, रद्द करण्याची मागणी केली. त्यांच्या सरकारमध्ये भाजपही होता, म्हणून या मागणीला वजन होतं. कोन्याक समाजाच्या संघटनेने सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला. न्याय मिळेपर्यंत भरपाई घेणार नाही, अशी भूमिका ओटिंगने घेतली. २० डिसेंबरला विधानसभेने अफस्पा हटवण्याचा ठराव एकमताने केला.

मग अडलं कुठे?

अफस्पा १९५८ चा आहे. 'अशांत' घोषित केलेल्या भागात तो सैन्याला गोळीबाराचे आणि वॉरंटशिवाय अटकेचे अधिकार देतो. त्यातलं कलम ६ सांगतं की, या अधिकारात केलेल्या कृतीसाठी सैनिकावर केंद्राच्या परवानगीशिवाय खटला चालवता येत नाही. जिवावर उदार होऊन लढणाऱ्या जवानांना खोट्या खटल्यांत अडकवलं जाऊ नये, हा त्यामागचा युक्तिवाद. तो पोकळ नाही. पण परवानगी मिळालीच नाही, तर पुरावे खरे की खोटे हे कोर्टात तपासलंच जात नाही.

ओटिंगबाबत तेच झालं. २०२२ मध्ये तपास पथकाने एका मेजरसह ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवलं. सैनिकांच्या पत्नी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि जुलैमध्ये कारवाईला स्थगिती मिळाली. २०२३ मध्ये केंद्राने खटल्याची परवानगी नाकारली. १७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा फौजदारी खटला बंद केला. पुढे कधी परवानगी मिळाली तर तो चालवता येईल आणि लष्कर स्वतः शिस्तभंगाची कारवाई करू शकतं, असंही न्यायालयाने म्हटलं.

मग आंदोलनातून काहीच निघालं नाही का?

निघालं. १ एप्रिल २०२२ पासून नागालँडमधल्या १५ पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून अफस्पा उठला, आसाम आणि मणिपूरचेही काही भाग मोकळे झाले. पण ज्या मोनमध्ये ही माणसं मारली गेली, तिथे तो तेव्हा कायम राहिला.

अशा घटनेनंतर समाजमाध्यमांवर दोन तट पडतात: लष्कराच्या बाजूचे आणि विरोधातले. ओटिंगच्या लोकांचा प्रश्न मात्र साधा होता. चूक झाली हे सरकारनेच मान्य केलं, तर ती कुणाची आणि कशी झाली, हे ठरवणार कोण? ते कोर्टात ठरणं अपेक्षित होतं. तिथपर्यंत प्रकरण पोहोचलंच नाही.